मदत हवी आहे : अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या टोपड्यांसाठी शुद्ध सुती होजियरी कोठे मिळेल?

सप्रेम नमस्कार. कोल्हापुरातील एका रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता विभागास साहाय्य करणाऱ्या धर्मादाय न्यासासाठी आम्ही नऊ जणी बाळांची टोपडी शिवतो. आरंभी आम्ही लोकरीची टोपडी विणली होती. परंतु लोकरीचे तंतू बाळाच्या नाकातोंडात जाऊ शकतात आणि लोकर कढत पाण्यात वारंवार धुता येत नाही, असे तेथील परिचारिकांनी सांगितल्यावर (आणि त्यांचे म्हणणे रास्तच होते) आम्ही सुती होजियरीकडे (बनियनसारख्या विणलेल्या, ताणल्या जाणाऱ्या कापडाकडे) वळलो. २८ आठवड्यांच्या बाळाच्या डोक्याचा घेर जेमतेम २५-२६ सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या मोसंबीएवढा असतो. टोपडे सैल झाले तर डोळ्यांवर घसरते, म्हणून कापड ताणले जाणे आवश्यक आहे.

शहरातील दोन दुकानांतून ‘शंभर टक्के सुती’ म्हणून आणलेल्या कापडाचा धागा जाळून पाहिला, तेव्हा राख होण्याऐवजी टोकाला कडक काळा मणी तयार झाला, म्हणजे त्यात पॉलिएस्टर होतेच. इचलकरंजी जवळ असली तरी यंत्रमागावरचे साधे कापड ताणले जात नाही, त्यामुळे ते सुचवू नये. तमिळनाडूतील होजियरीचे मोठे केंद्र असलेल्या तिरुपूरला दूरध्वनी केला, पण तेथे पंचवीस किलोंखाली माल देण्यास कोणी तयार नाही.

आम्हांस पाच किलो, बिनरंगी, पक्क्या बिलासह कापड हवे आहे. बिल न्यासाच्या नावे आणि रक्कम धनादेशानेच दिली जाईल. तयार टोपडी तूर्त नकोत. एवढा अल्प माल देणारा खात्रीचा विक्रेता कोल्हापूर, सांगली किंवा इचलकरंजीत कोणास ठाऊक आहे काय?