परराज्यातला स्टॉल आणि जीएसटी

‘जीएसटी क्रमांक नसेल तर गोव्यातल्या प्रदर्शनाचा विचार सोडा,’ असं काही जण सांगतात. हस्तकलेला हे सरसकट लागू नाही. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल आणि वस्तू त्या अधिसूचनेच्या यादीतली, मुख्यतः हाताने घडवलेली असेल, तर परराज्यात विकायलाही नोंदणी लागत नाही. मातीकाम, टेराकोटा त्यात येतं. थोडं यंत्र वापरलं तरी हरकत नाही. माझं चाक विजेवरच फिरतं.

पॅन मात्र हवंच, आणि ई-वे बिलही, म्हणजे माल नेण्यासाठी ऑनलाइन काढायचा परवाना. इथे बरेच जण फसतात: पन्नास हजारांखालच्या मालाची सूट या बाबतीत मिळत नाही. मी पुण्याहून पणत्या-सुरया पेंढ्यात भरतानाच नगवार यादी करते आणि गाडी निघण्याआधी बिल काढते. नव्या मुलींनी नुसत्या धास्तीने स्टॉलचे अर्ज मागे घेऊ नयेत.