पहिलं गरम जॅकेट पिसांचं घ्यावं का? माझं मत: नाही

रानवाट

दिवाळी झाली की आमच्या ग्रुपवर दरवर्षी एकच प्रश्न येतो. डिसेंबरात केदारकंठाला चाललोय, जॅकेट कुठलं घेऊ? आणि बहुतेक जण डोळे मिटून सांगतात, 'डाऊन घे', म्हणजे पिसांचं. मला हा सल्ला पटत नाही. का पटत नाही ते सविस्तर लिहितो.

दोन वर्षांपूर्वी मार्चअखेरीस उत्तराखंडात हर की दूनला गेलो होतो. अंगात नवंकोरं पिसांचं जॅकेट, 800 फिल पॉवरचं (पिसं किती फुगतात याचा आकडा). ओसलाच्या अलीकडे दुपारी पाऊस सुरू झाला, मग गारा, मग ओला बर्फ आणि पुन्हा पाऊस. वरून पोंचो होता, पण वाऱ्यानं तो सारखा उडत होता आणि मनगटापासून कोपरापर्यंत पाणी शिरलं. चढाचा घाम आतून होताच. तंबूत पोचल्यावर जॅकेट काढून हेडटॉर्चसमोर धरलं. बाहीच्या प्रत्येक कप्प्यात पिसांची बोराएवढी गोळी होऊन कोपऱ्यात बसली होती. उरलेल्या कप्प्यात काहीच नाही. कापडाचे दोन पापुद्रे एकमेकांना चिकटलेले आणि त्यातून टॉर्चचा उजेड आरपार दिसत होता. ती रात्र मी मित्राच्या फ्लीसवर काढली. माझं जॅकेट खाली सांकरीत येईपर्यंत सुकलं नाही. मित्राचं सिंथेटिक जॅकेटही भिजलं होतं. त्यानं ते दाबून पाणी काढलं, दोनदा झटकलं, अंगात घातलं आणि तासाभरात कोमट केलं.

ऊब पिसांची नसते, पिसांच्या जाळीत अडकलेल्या हवेची असते. पाण्यानं जाळी बसली की हवा गेली आणि ऊबही गेली. सिंथेटिकचे तंतू पाणी पीत नाहीत, त्यामुळे ओलं असतानाही थोडाफार फुगा राहतो. 1980 च्या दशकात प्रायमालॉफ्ट हे सिंथेटिक भरण तयार झालं ते याच कारणानं. अमेरिकी सैन्याला भिजल्यावरही ऊब धरणारं भरण हवं होतं.

आपण महाराष्ट्रातून जाणारी माणसं. थंडीचा सराव नाही, दमट हवेत राहतो, चालताना घामाघूम होतो आणि ओलं जॅकेट कसं सांभाळायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. म्हणून पहिलं जॅकेट चुका सोसणारं हवं.

हिमरेषा

रानवाट, तुमची ती रात्र वाईट गेली हे खरंच. पण चूक जॅकेटची नव्हती. पिसांचं जॅकेट चालताना घालायचंच नसतं. ते सॅकमध्ये, जलरोधक पिशवीत, सगळ्यात वर ठेवायचं. थांबलो की घाम गार व्हायच्या आत बाहेर काढायचं आणि निघताना परत आत. पावसात अंगावर रेनकोट आणि आत पातळ फ्लीस, एवढंच. तुम्ही पिसांच्या जॅकेटला रेनकोटचं काम दिलंत.

आता दुसरी बाजू. तेवढ्याच उबेचं सिंथेटिक जॅकेट जड असतं आणि सॅकमध्ये निम्मी जागा खातं. माझं पिसांचं जॅकेट दाबलं की पावाच्या लादीपेक्षा लहान होतं. पाठीवर पंधरा किलो घेऊन चार हजार मीटरवर चढताना हा फरक खांद्यांना कळतो. टिकण्याचंही तेच. सिंथेटिकचे तंतू सारखे दाबून दाबून मोडतात, तीनचार हंगामांत जॅकेट चपटं होतं. पिसांचं नीट सांभाळलं तर दहा वर्षं सहज जातं.

शिवाय खऱ्या थंडीत पाणी असतंच कुठे? उणे दहाच्या खाली बर्फ कोरडा, झटकला की पडतो. लडाखमध्ये जानेवारीत झंस्कारच्या गोठलेल्या पात्रावर रात्री पारा उणे वीसच्या खाली जातो, तिथे मी पिसांशिवाय दुसरं काही अंगाला लावणार नाही. 1922 च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंचनं फुग्याच्या कापडात बदकाची पिसं भरून कोट शिवून घेतला होता. सोबतचे लोक लोकरी आणि ट्वीडच्या कपड्यांत होते, ते आधी त्याला हसले आणि थंडी वाढल्यावर त्याच कोटाचा हेवा करू लागले. आज आठ हजार मीटरवर जाणारा गिर्यारोहक अंगभर पिसांचा सूट घालतो. तिथे सिंथेटिक का नाही, याचा विचार करा.

रानवाट

आठ हजार मीटरवर जाणारा माणूस इथे येऊन 'पहिलं जॅकेट कुठलं' असं विचारत नाही. विचारणारा 3,800 मीटरच्या केदारकंठाला किंवा मे महिन्यात सार पासला जातो, आणि मेमध्ये तिथे दुपारी पाऊस आणि गारा येतात. धोक्याची थंडी उणे वीसची नव्हे, शून्याच्या आसपासची ओली. त्या थंडीत माणूस आधी भिजतो आणि मग गारठतो.

'घालायचंच नसतं' हे तुम्हाला ठाऊक आहे, नवख्याला नाही. पहाटे चारला शिखराकडे निघताना नवखा हुडहुडत असतो. तो अंगावरचं जॅकेट काढणार नाही, आणि सहापर्यंत ते आतून घामानं ओलं झालेलं असेल.

ठाण्याचा भटक्या

तुम्ही दोघंही हिमालयात पोचलात, पण जॅकेट वर्षातले साडेअकरा महिने घरात असतं. माझं पिसांचं जॅकेट मी एका पावसाळ्यात त्याच्या छोट्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकलं होतं. ऑक्टोबरात काढलं तर कुबट वास, अस्तरावर काळे ठिपके आणि फुगा निम्मा. कोकणात आणि मुंबईच्या पट्ट्यात हे होणारच. आता कपाटात हँगरवर मोकळं टांगतो आणि पाऊस संपला की गाद्या-गोधड्यांबरोबर त्यालाही हवा देतो, सावलीत.

धुणं हाही मोठा व्याप आहे. नेहमीच्या साबणानं पिसांवरचं नैसर्गिक तेल निघून जातं, त्यासाठी वेगळा साबण लागतो. सुकवायला ड्रायर हवा, मंद आचेवर, आत दोनतीन टेनिसचे चेंडू टाकून, म्हणजे गोळ्या फुटतात. घरी ड्रायर नसेल तर दोरीवर टाकून दर तासाला हातानं गोळ्या मोकळ्या करत बसा, पुरे दोन दिवस. हा त्रास ज्यांना झेपेल त्यांनीच घ्यावं. या बाबतीत मी रानवाट यांच्या बाजूनं.

मुग्धा

माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो कुणी काढत नाही याचं वाईट वाटतं. पिसं येतात कुठून? बदकं आणि हंस बहुतेक मांसासाठीच पाळतात, तिथूनच पिसंही येतात. पण काही ठिकाणी जिवंत पक्ष्यांची पिसं उपटत असत, म्हणून 2014 मध्ये आरडीएस (रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड) हे प्रमाणपत्र आलं. त्यात जिवंतपणी उपटणं आणि जबरदस्तीनं खाऊ घालणं, दोन्हीला मनाई आहे. घेणारच असाल तर निदान ते चिन्ह बघून घ्या. मी घेत नाही. आमच्या घरात अंडंही येत नाही आणि पाठीवर पिसं घेऊन देवभूमीत जाणं माझ्या मनाला पटत नाही. सिंथेटिक जॅकेटवर आतापर्यंत पाच हिवाळी ट्रेक केले, दोनशे ग्रॅम जास्त वाहिले, तक्रार नाही.

हिमरेषा

मुग्धाताई, तुमच्या या मुद्द्यावर वाद घालणार नाही. ज्याला पिसं चालत नाहीत त्याच्यासाठी प्रश्न तिथेच मिटला.

बर्फाची कुदळ

स्पितीत हिवाळ्यात गोठलेल्या धबधब्यांवर चढायला जातो, म्हणून चढाईपुरतं लिहितो. ट्रेकमध्ये माणूस चालत असतो. चढाईत एक जण चढतो आणि दुसरा खाली दोर धरून बिले देत, म्हणजे वरचा पडला तर त्याला रोखायला, अर्धा-पाऊण तास एका जागी उभा असतो. त्या वेळी गोठतो तो खालचा. त्यासाठी जॅकेट एक माप मोठं घ्यावं, म्हणजे अंगावरचं काहीही न काढता वरून चढवता येतं. हूड हेल्मेटवरून आलं पाहिजे. चेन दोन्ही बाजूंनी उघडणारी हवी. खालून चेन वर केली की हार्नेसचा (कमरेच्या पट्ट्याचा) बिले लूप, म्हणजे बिलेचं साधन अडकवायची कडी, मोकळा राहतो. दुकानात या तीन गोष्टी हेल्मेट आणि हार्नेस घालूनच तपासा.

भरण? मी सिंथेटिक वापरतो. ऊन आलं की बर्फाचा धबधबा ठिबकतो, ओल्या दोराचं पाणी बाहीतून उतरतं. बर्फाच्या कुऱ्हाडीचं टोक किंवा क्रॅम्पॉनचा (बुटाखाली बांधायच्या काट्यांचा) दात लागून कापड फाटतं, तेव्हा सिंथेटिकमधून काही उडून जात नाही. पिसांचं फाटलं तर चिकटपट्टी हाताशी येईपर्यंत पिसं वाऱ्यावर. रात्री तंबूत मात्र माझ्याकडेही पिसांचंच असतं.

आणखी एक. फिल पॉवरच्या आकड्याला भुलू नका. तो पिसांचा दर्जा सांगतो, पिसं किती भरलीत ते नाही. 800 ची 100 ग्रॅम पिसं आणि 600 ची 150 ग्रॅम, यात दुसरं जॅकेट जास्त फुगेल. गुणाकार करून बघा, 80 हजार आणि 90 हजार. दुकानदाराला विचारा, 'भरण किती ग्रॅम?' आणि शिवण बघा. जिथे टाका आरपार गेलाय तिथे पिसं नसतात, त्या रेषेतून वारा लागतो. कडक थंडीच्या जॅकेटात कप्प्यांच्या मध्ये उभ्या भिंती असतात.

लेकीची आई

सगळं वाचलं. माझी मुलगी मे महिन्यात उत्तरकाशीला गिर्यारोहणाच्या बेसिक कोर्सला जाणार आहे. तिच्यासाठी आताच जॅकेट घेऊन ठेवू का? आमचं बजेट फार नाही.

हिमरेषा

ताई, आता काही घेऊ नका. कोर्सला बरंचसं साहित्य संस्थाच देते. प्रवेशपत्रासोबत यादी येईल, त्यात जे स्वतः आणायला सांगितलं असेल तेवढंच घ्या. तोवर तिला चांगला फ्लीस, थर्मलचे दोन जोड आणि पायात बसलेले बूट एवढं पुरे. बूट आताच घ्या आणि रोज घालून चालायला सांगा.

रानवाट

ताई, हिमरेषांचं ऐका. त्यात एकच भर. रेनकोट पोंचोचा नको, जॅकेट-पँटचा जोड घ्या.

हिमरेषा, जलरोधक पिशवीचं मान्य, ती तेव्हा माझ्याकडे नव्हती. पहिल्या जॅकेटचं माझं मत मात्र तेच आहे.

हिमरेषा

आणि माझंही. पण पुढच्या मार्चमध्ये जाणार असाल तर कळवा, मी पिसांचं घेऊन येतो. ओसलाच्या त्याच टप्प्यावर दोन्ही जॅकेट शेजारी शेजारी टांगून बघू.