फायब्रोमायल्जिया: डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहून दिलीय, घ्यावी का?

निशिगंध_कोल्हापूर

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, जरा लांबेल, सांभाळून घ्या. वय ४४. सगळं अंग दुखतं म्हणजे दुखतंच, मान खांदे कंबर मांड्या, आज इथं तर उद्या तिथं. सकाळी उठले की कुणीतरी रात्रभर बडवून काढल्यासारखं वाटतं, आठ तास पडून राहूनही झोप झालेली नसते. कणीक मळताना हात भरून येतात, पोरीनं मागनं येऊन गळ्यात हात टाकले तरी कळ जाते. थायरॉईड, बी१२, व्हिटॅमिन डी, सीआरपी, आरए फॅक्टर सगळं करून झालं, डी कमी होतं ते भरून काढलं, बाकी नॉर्मल. घरात "रिपोर्ट नॉर्मल आहेत ना, मग झालं तर" ऐकून ऐकून कान किटलेत. शेवटी संधिवाताच्या डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया सांगितलं.

आधी रात्री प्रेगाबालिन ७५ ही नसांच्या दुखण्याची गोळी दिली. झोप लागायला लागली हे खरं, पण सकाळी डोकं जड, बाथरूममध्ये भिंत धरून उभं राहावं लागतं, आणि संध्याकाळी पायावर सूज दिसते. परवा दाखवायला गेले तर त्यांनी ड्युलोक्सेटीन ३० जोडली. मेडिकलमधल्या पोरानं सगळ्यांसमोर विचारलं, "काकू डिप्रेशन आहे का?" मी तिथंच गार. अहो मला डिप्रेशन नाहीये, मला दुखतंय! दुखून दुखून रडू येतं ते वेगळं. ती स्ट्रिप अजून पर्समध्येच आहे. तोवर ॲसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलवर दिवस ढकलतेय, त्यानं फार काही फरक पडत नाही पण काहीतरी घेतल्याचं समाधान. कुणी घेतलीय का ड्युलोक्सेटीन? सवय लागते का? वजन वाढतं का?

पर्वतीकाठची

ताई, मी बरीच वर्षं या आजाराबरोबर नांदतेय त्यामुळे तुमचं वाक्य न वाक्य कळलं. मी डॉक्टर नाही, पण स्वतःच्या डॉक्टरांना इतकं छळलंय की थोडं फार कळतं. आपल्या दुखण्यात स्नायूत किंवा सांध्यात बिघाड सापडत नाही, बिघाड असतो तो दुखणं मोजणाऱ्या यंत्रणेत, आवाजाचं बटण वर अडकून बसलंय असं समजा. मेंदूतून पाठीच्या कण्याकडे खाली एक संदेश येत असतो जो दुखणं दाबून ठेवतो, आणि ते काम सेरोटोनिन आणि नॉरॲड्रिनलिन ही रसायनं करतात. ड्युलोक्सेटीन ही दोन्ही वाढवते. म्हणून ती डिप्रेशनमध्येही चालते आणि इथेही. ज्यांना डिप्रेशन अजिबात नव्हतं अशा पेशंटनाही ट्रायलमध्ये दुखण्यात फरक पडला होता. अमेरिकेत एफडीएने २००८ साली तिला खास फायब्रोमायल्जियासाठी मंजुरी दिली, त्याच्या आधी २००७ ला प्रेगाबालिनला, नंतर २००९ ला मिल्नासिप्रान या ड्युलोक्सेटीनसारख्याच गोळीला. त्यामुळे डॉक्टरांनी तुम्हाला वेड्यात काढलं असं डोक्यातून काढून टाका.

आता खरं सांगते, पहिले काही दिवस मळमळ होते, माझी तर सकाळच्या चहाची वासनाच गेली होती. भरल्या पोटी घ्या. कॅप्सूल उघडून आतले दाणे पाण्यात घालून वगैरे पिऊ नका, त्या दाण्यांवरचं आवरण पोटातल्या आम्लापासून वाचवायलाच असतं. आणि मनानं एकदम बंद करायची नाही. व्यसन लागत नाही पण शरीराला सवय होते, अचानक सोडली की चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके. कमी करत करतच सोडतात. वजनाचं म्हणाल तर ते प्रेगाबालिनने जास्त वाढतं, सारखं खा खा होतं. माझ्या जुन्या साड्यांचे ब्लाऊज साक्षीला आहेत.

औषधी_गल्ली

मेडिकल स्टोअर चालवतो. पहिलं म्हणजे त्या पोराच्या वतीने सॉरी, काउंटरवर असं विचारायचं नसतं. पण ताई तुमच्या पोस्टमध्ये ड्युलोक्सेटीनपेक्षा मला त्या ॲसिक्लोफिनॅकची जास्त काळजी वाटली. ते सूज उतरवायचं औषध, फायब्रोमध्ये तशी सूजच नसते मग ते काम कशावर करणार? रोज रोज घेऊन ॲसिडिटी, अल्सर, किडनीवर ताण, बीपी वर, हे सगळं मात्र पदरात पडतं. वरून ड्युलोक्सेटीन सुरू केली आणि हेही चालू ठेवलं तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता आणखी वाढते. तुम्ही हे घेताय ते डॉक्टरांना माहीत आहे का? बहुतेक पेशंट सांगतच नाहीत, कारण "ती साधी अंगदुखीची गोळी".

दुसरं, स्ट्रिपवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा किंवा पोरीला मोबाईलवर फोटो काढून मोठं करून वाचायला सांगा. प्रेगाबालिन आपल्याकडे नुसती पण मिळते, मिथाइलकोबालामिन (म्हणजे बी१२) घातलेली पण आणि नॉरट्रिप्टिलीन घातलेली पण, ब्रँडचं नाव जवळपास सारखंच असतं, शेवटी दोन अक्षरं इकडची तिकडं. नॉरट्रिप्टिलीनवाली असेल तर नॉरट्रिप्टिलीन स्वतःच डिप्रेशनच्या गोळ्यांच्या कुळातली, आणि ड्युलोक्सेटीनमुळे तिचं प्रमाण रक्तात वाढतं. सकाळची गुंगी तिथून पण येऊ शकते. आणि कुणी ट्रामाडॉल ही अफूवर्गातली दुखण्याची गोळी "जोरदार आहे" म्हणून दिली तर ड्युलोक्सेटीनसोबत विचारल्याशिवाय नको, सेरोटोनिन जास्त झालं तर घाम, थरथर, धडधड, प्रकरण हॉस्पिटलपर्यंत जातं. ट्रामाडॉल २०१८ पासून एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात आहे, चिठ्ठीशिवाय देणारा दुकानदार दिसला तर तिथून काहीच घेऊ नका.

लेस्टरची_वहिनी

मी इंग्लंडमध्ये असते आणि मलाही फायब्रो आहे. इकडे तर प्रेगाबालिन नव्याने सुरूच करत नाहीत हो! २०२१ ला नाइसची (कुठले उपचार द्यावेत ते सांगणारी इथली सरकारी संस्था) गाइडलाइन आली त्यात अशा जुनाट दुखण्याला पॅरासिटामॉल, ब्रुफेनसारख्या गोळ्या, प्रेगाबालिन, अफूवर्गातली औषधं सगळ्याला नाही म्हटलंय. २०१९ पासून प्रेगाबालिन इथे कंट्रोल्ड ड्रग आहे, लोकांना त्याची सवय लागत होती म्हणून. मला अमिट्रिप्टिलीन १०, म्हणजे डिप्रेशनचीच एक जुनी गोळी, दिली आणि पाण्यातल्या व्यायामाला पाठवलं. तिकडे सर्रास देतात हे वाचून आश्चर्य वाटतं.

गावरान_उपाय

एवढ्या इंग्लिश गोळ्या खाऊन लिव्हर घालवण्यापेक्षा आमच्या ओळखीत एकजण पुड्या देतात, तीन दिवसांत माणूस उठून पळायला लागतो, माझ्या आत्याला गुण आलाय. पत्ता हवा असेल तर मेसेज करा.

औषधी_गल्ली

तीन दिवसांत पळायला लागतो म्हणजे पुडीत स्टेरॉईड कुटून घातलेलं नाही ना ते आधी लॅबमधून बघून घ्या. चेहरा गोल होतो, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी बंद केली की पेशंट आडवा. आत्याची शुगर तपासा, चेष्टा करत नाहीये.

रात्रपाळी_एमडी

वहिनींचं बरोबर आहे आणि निशिगंध ताईंच्या डॉक्टरांचंही चूक नाही. एकाच पुराव्याकडे बघून वेगवेगळ्या देशांनी वेगवेगळा निकाल दिलाय. अमेरिकेने तीन औषधं मंजूर केली, युरोपच्या औषध नियंत्रकांनी तीच तिन्ही याच आजारासाठी नाकारली. कारण फायदा खरा आहे पण थोड्यांना. प्रेगाबालिन घेतलेल्या दहातल्या साधारण एकालाच, औषध नसलेल्या खोट्या गोळीने जेवढ्यांना बरं वाटतं त्यांच्या वर, दुखणं निम्मं होण्याइतका फायदा होतो. तो एक तुम्ही आहात का हे घेतल्याशिवाय कळत नाही. म्हणून दोन-तीन महिने नीट डोसमध्ये द्यायची, फरक नसेल तर हळूहळू काढायची. आपल्याकडे घोळ होतो तो इथे, लागू न पडलेली गोळी कुणी काढतच नाही, तिच्यावर दुसरी चढते, मग तिसरी.

युरोपच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, युलारने, २०१६ मध्ये सगळं चाळून शिफारशी केल्या, त्यात ठामपणे "करा" असं फक्त व्यायामाबद्दल म्हटलंय. गोळ्यांना "काहींना उपयोग होईल" एवढंच. माझ्या मते गोळीकडून एवढीच अपेक्षा ठेवा की झोप लागेल आणि रंकाळ्याला अर्धी फेरी मारण्याइतपत अंग हलेल, पुढचं काम त्या फेरीचं. पहिल्याच दिवशी पूर्ण फेरी मारू नका मात्र, दोन दिवस अंथरुणात जातील.

सकाळच्या गुंगीसाठी: प्रेगाबालिन झोपताना न घेता संध्याकाळी जरा लवकर घेतली तर चालेल का, किंवा ७५ ऐवजी २५-५० करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. तोवर सकाळी स्कूटी नको. ड्युलोक्सेटीनआधी काचबिंदू, लिव्हरचा त्रास, दारू, बीपी यातलं काही असेल तर सांगा. सुरू केल्यावर मनात विचित्र विचार यायला लागले तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही, फोन करायचा. बीपीची गोळी आहे का तुम्हाला?

निशिगंध_कोल्हापूर

बापरे, सगळ्यांचे खूप आभार. डॉक्टरांनी यातलं निम्मं सांगितलं असेल पण बाहेर एवढी गर्दी असते की आत गेल्यावर मीच ब्लँक होते. हो, बीपीसाठी ॲम्लोडिपीन ५ चालू आहे, ती फॅमिली डॉक्टरांची, संधिवातवाल्यांना सांगायची राहिली. स्ट्रिप बघितली, प्रेगाबालिन नॉरट्रिप्टिलीनवालीच निघाली!!

रात्रपाळी_एमडी

मग हा पायाच्या सुजेचा धागा असू शकतो. ॲम्लोडिपीनने घोट्याला सूज येते आणि प्रेगाबालिननेही येते, दोन्ही एकत्र आल्या की जास्त. ड्युलोक्सेटीनने बीपी थोडं वाढू शकतं ते वेगळं. स्वतःहून कुठलीच बंद करू नका, पण ड्युलोक्सेटीन उघडण्याआधी संधिवातवाल्यांना फोन करून नॉरट्रिप्टिलीनचं आणि ॲम्लोडिपीनचं सांगा. दम लागत असेल किंवा एकाच पायाला सूज असेल तर आजच दाखवा.

निशिगंध_कोल्हापूर

दम नाही, दोन्ही पायांना सारखीच आहे. उद्या सकाळी फोन करते, सगळ्या स्ट्रिपा पिशवीत भरून ठेवल्यात. ॲसिक्लो आजपासून बंद. वहिनी, एक विचारायचं राहिलं, तो पाण्यातला व्यायाम पोहता येत नसेल तर जमतो का?

लेस्टरची_वहिनी

अगदी जमतो, मलाही पोहता येत नाही. छातीएवढ्या पाण्यात नुसतं पुढे-मागे चालायचं, कठड्याला धरून पाय वर-खाली, बस्स. पाणी कोमट असेल तर उत्तम, गार पाण्यात माझं अंग जास्तच धरतं. तुमच्याकडच्या टँकला बायकांची बॅच कधी असते ते विचारा आणि उथळ बाजूलाच राहा.