जुनी सिटी घ्यावी की जुनी सियाझ? ठाणे-नवी मुंबईकरांनो, अनुभव लिहा

मंडळी, घरात सेकंडहँड सेडान घ्यायचं ठरलंय. 2016-17च्या दोन पेट्रोल मॅन्युअल गाड्या नजरेत आहेत: होंडा सिटी 1.5 आणि मारुती सियाझ 1.4. कागदावर सिटीची ताकद 119 पीएस, टॉर्क म्हणजे ओढ 145 एनएम; सियाझ 92.5 पीएस, 130 एनएम. कंपनीचं मायलेज सिटीचं 17.8, सियाझचं 20.73. डिकी दोन्हींची 510 लिटर. घर मानपाड्याला, ऑफिस महापेला, गाव साताऱ्याकडे. मागे आई-बाबा बसणार. दोन्ही चालवलेल्यांनी नक्की लिहा.

माजिवडा
माझी सिटी, मेहुण्याची सियाझ. पुण्याला जाताना आम्ही गाड्यांची अदलाबदल करतो, म्हणून सांगू शकतो. खंडाळ्याच्या चढावर पाच माणसं आणि एसी चालू असताना सिटी तिसऱ्यावर टाकली की चार हजार आरपीएमच्या (इंजिनचे मिनिटाला फेरे) वर तिचा आवाजच बदलतो आणि ट्रक झपकन मागे पडतो. सियाझला तिथे आधी हिशेब करावा लागतो. पण तुमचा रोजचा रस्ता कळवा-विटावा. सिटीचा पूर्ण टॉर्क 4600 आरपीएमला मिळतो, सियाझचा 4000ला. कळव्याच्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये काटा दोन हजारांच्या आसपासच रेंगाळतो, तिथे 119 पीएस असून उपयोग काय? सियाझ वजनालाही हलकी आहे. माझं स्पष्ट मत: रोज ऑफिसला जायचं तर सियाझ, घाटाची हौस असेल तर सिटी.

ऐरोली
आमची सियाझ. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पाय लांब केल्याशिवाय तिला बसवत नाही. सियाझचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 2650 मिमी, सिटीचा 2600, आणि तो फरक मागच्या सीटवर कळतो. आई-बाबांना शोरूमला सोबत न्या आणि दहा मिनिटं मागे बसवाच.

खारघर
2018ची सियाझ दाखवली तर आरसीवरचा सीसी (इंजिनचा आकार) वाचा. 1373 असेल तर जुनं इंजिन. ऑगस्ट 2018पासून 1462 सीसीचं, 105 पीएसचं आलं. ते मिळालं तर घाटाची तक्रार बरीच कमी होते.

कासारवडवली
माजिवडावाल्या दादांशी सहमत, पण दोन जुन्या गाड्यांची तुलना करायची तर आधी टायर बघा. टायरच्या कडेला चार अंक असतात. 2319 म्हणजे 2019चा तेविसावा आठवडा. एकीचे नवे, दुसरीचे कडक झालेले असतील तर ब्रेक आणि आवाजावरून गाडीबद्दल काहीच ठरवता येत नाही. हवा दोन्हींत सारखी भरून घ्या. सकाळी जा आणि बॉनेटला हात लावा. गरम असेल तर तुमच्यासाठी इंजिन आधीच चालू करून ठेवलंय, थंड स्टार्ट कसा होतो ते कळणार नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. एका डीलरकडे बेल्टच्या तळाशी मातीची सरळ रेघ दिसली, कार्पेट मात्र कोरं करकरीत. पुराच्या पाण्यातली गाडी! मी तिथूनच परत फिरलो.

कोपरखैरणे
सीएनजी बसवलेली मिळाली तर आरसीवर नोंद आहे ना ते बघा. आणि 510 लिटरची डिकी विसरा, सिलिंडर तिथेच बसतो.

ऐरोली
@मानपाडा, रविवारी सकाळी या. आमची सियाझ घेऊन विटाव्यापर्यंत एक चक्कर मारा, आई-बाबांनाही आणा.