हेडफोनची छोटी केबल घरी बनवायचीये, वायर कुठली घेऊ?

सूरपारंबी, नाशिक

नमस्कार मंडळी. माझ्याकडे एकेजीचा के२४० स्टुडिओ आहे, ५५ ओहमवाला. हेडफोनबद्दल तक्रार शून्य, पण त्याची केबल ३ मीटरची आहे, स्टुडिओत मिक्सर लांब असतो तिथे ठीक, मी टेबलावर लॅपटॉप घेऊन बसतो आणि उरलेली सगळी वायर पायात, खुर्चीच्या चाकाखाली नाहीतर मांजराच्या तोंडात. केबल सुटी निघते, हेडफोनच्या बाजूला ३ पिनचा मिनी एक्सएलआर (छोटा गोल कनेक्टर) आणि दुसरीकडे नेहमीचा साडेतीन मिमीचा जॅक. म्हटलं सव्वा मीटरची एक आपणच बनवू. तयार विणलेल्या केबली ऑनलाईन बघितल्या पण भाव असे की घरचे विचारतील नेमकं काय घेतलंस.

सोल्डरिंग कॉलेजात केलंय, २५ वॉटची गन घरात आहे. वायरीवरच गाडी अडलीये. माळ्यावर लॅनची केबल भरपूर पडलीये ती चालेल का? एक मित्र म्हणतो चांदीचा मुलामा असलेली घे, तबल्याची चाट आणि झांज एकदम मोकळी होते. आणि माझ्या डोंगलला (लॅपटॉपला लावायचा छोटा हेडफोन ॲम्प्लिफायर) ४.४ मिमीचं बॅलन्स्ड भोक पण आहे, म्हणजे डाव्या-उजव्याच्या तारा पूर्ण वेगळ्या, तर करतोच आहे तर त्याचीच करून टाकू का?

तारतम्य

लॅनची नको. घराच्या भिंतीतून जाते ती लॅन केबल म्हणजे आतल्या प्रत्येक तारेत एकच जाड तंतू, ती एकदा बसवायची आणि विसरायची अशी वायर, रोज वाकवलीस की जॅकच्या तोंडाशी काही महिन्यांत तुटणार. शिवाय स्वस्तातली असेल तर तांबं वरवरचंच आणि आत ॲल्युमिनियम, ते आणखी लवकर मोडतं. ब्लेडने थोडं खरवडून बघ, आत पांढरं दिसलं तर भंगारात दे.

तुला पाहिजे बारीक बारीक तंतूंची मऊ वायर, आत ३ किंवा ४ कोअर, म्हणजे वेगवेगळ्या आवरणातल्या तारा, असलेली. जितके तंतू बारीक आणि जास्त तितकी वायर लोळती. जाडी साधारण २६ गेज अमेरिकन मापाने, म्हणजे रोध मीटरला ०.१३ ओहमच्या आसपास. आता मित्राच्या चांदीचं बघू. सव्वा मीटर जायला, सव्वा मीटर यायला, दोन्ही मिळून झाले ०.३४ ओहम. समोर हेडफोन ५५ ओहमचा. म्हणजे केबलमुळे आवाज कमी होतो तो ०.०५ डेसिबल, आणि तोही सगळ्या स्वरांना जवळपास सारखाच. चांदी तांब्यापेक्षा पाच-सहा टक्के बरी वाहक आहे, म्हणजे पूर्ण चांदीची जरी तार घातलीस तरी ०.३४ चे ०.३२ होतील. यात झांज कुठून मोकळी होणार?

वीज तारेच्या फक्त पृष्ठभागावरून वाहते म्हणून मुलामा महत्त्वाचा, हेही ऐकवतील तुला. ते रेडिओच्या फ्रिक्वेन्सीला खरं आहे. २० किलोहर्ट्झला तांब्यात वीज पृष्ठभागापासून जवळजवळ अर्धा मिमी खोल शिरते आणि २६ गेजची सगळी तारच ०.४ मिमीची, त्यामुळे ती पूर्णच वापरली जाते.

कानसेन_ठाणे

गणित ठीक आहे हो, पण ऐकायचं कानाने असतं. मी केबल बदलली तेव्हा वरचे स्वर स्पष्ट ऐकू आले, घरात बायकोलाही कळलं आणि तिला यातलं काही घेणंदेणं नाही.

तारतम्य

कानसेन, वाद नाही घालत, पण जुनी केबल मल्टिमीटरवर मोजली होती का? झिजलेल्या जॅकमध्ये किंवा काळ्या पडलेल्या सॉकेटमध्ये दोन-तीन ओहम सहज बसलेले असतात, आणि ते हलवलं की कमी-जास्त होतात. नवी कुठलीही केबल लावली तरी फरक कळणारच तिथे, चांदी असो नाहीतर मंडपवाल्याची माईक वायर. बायकोला न सांगता अदलाबदल करून विचारा, मग बोलू.

कथिलकाकू

सूरपारंबी, मी एका नाट्यसंस्थेचं साउंडचं सामान सांभाळते, माईक केबल दुरुस्ती हा माझा दर पावसाळ्याचा उद्योग, म्हणून हातचं सांगते.

आधी पिना. एकेजीच्या मिनी एक्सएलआरला १ नंबर ग्राउंड, २ डावा, ३ उजवा. साडेतीनच्या जॅकला टोक डावा, मधली कडी उजवा, मागचा भाग ग्राउंड. माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, तुझ्याकडे मूळ केबल आहेच, मल्टिमीटर बझरवर ठेव आणि कुठलं टोक कुठे वाजतं ते कागदावर लिहून घे. पिनांचे नंबर कनेक्टरच्या आतल्या प्लास्टिकवर कोरलेले असतात, भिंग लागेल. पिनांची बाजू आणि सोल्डरची बाजू एकमेकांच्या आरशासारखी उलट दिसते, तिथे भलेभले २ आणि ३ मध्ये घोटाळा करतात.

वायर घेताना बाहेरची जाडी बघ. स्टेजवर वापरतात ती ६ मिमीची माईक वायर, कॅनारे किंवा तसली, कितीही आवडली तरी मिनी एक्सएलआरच्या मागच्या भोकात जात नाही. ४ मिमीच्या आत-बाहेरची बघ. चार कोअरची मिळाली तर डाव्याला एक, उजव्याला एक आणि उरलेल्या दोन्ही ग्राउंडला. तारतम्यरावांनी हे सांगितलं नाही पण ग्राउंड दोन्ही कानांचं सामाईक असतं, त्याचा ओहम जितका जास्त तितकं डावीकडचं उजवीकडे झिरपतं. सव्वा मीटरला ते ५० डेसिबल खाली आहे त्यामुळे झोप उडवायचं कारण नाही, पण दोन तारा फुकटात मिळतायत तर घे की. शील्ड (तारांभोवतीची धातूची जाळी) नसली तरी चालेल, हेडफोनची लाईन कमी ओहमची असते, तिच्यात घूं शिरत नाही. गिटारची किंवा माईकची केबल असती तर मी शील्डशिवाय हात लावू दिला नसता.

आता गन हातात घ्यायच्या आधी, आधी म्हणजे आधी, दोन्ही कनेक्टरची टोपणं आणि श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) वायरीत ओवून घे आणि लांब सरकवून ठेव. नाहीतर जोड एकदम सुंदर होतो आणि टोपण टेबलावर राहतं, मग तोच सुंदर जोड परत तोड. इन्सुलेशन ३-४ मिमीच सोल. तंतू पिळून त्यांच्यावर आधी कथिल चढव, पिनेवर वेगळं चढव, मग दोन्ही एकत्र आणून गन टेकवली की एका क्षणात होतं. ६०/४० ची रोझिन भरलेली बारीक सोल्डर वायर घे, नळाच्या पाइपांसाठी ॲसिडवालं फ्लक्स मिळतं ते चुकूनही नको, काही महिन्यांत हिरवं होऊन खातं.

आणि ही युक्ती ध्यानात ठेव, सोल्डर करताना जॅक मोकळा धरू नकोस. एखाद्या भंगार स्पीकरच्या सॉकेटमध्ये खुपसून ठेव. जॅकच्या आतलं प्लास्टिक उष्णतेने मऊ होतं आणि कड्या सरकतात, सॉकेटमध्ये असला की जागच्या जागी राहतात. मिनी एक्सएलआरला तर हे हवंच, कारण त्या पिना एवढ्याशा आहेत की तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त गन टेकवलीस तर पिन वाकडी झालीच समज. समोरची जोडी नसेल तर नवा कनेक्टर हेडफोनमध्येच खुपसून सोल्डर करू नकोस, एक जादाचा नर कनेक्टर विकत घे, स्वस्त असतो.

शेवटी मागची पकड. वायर ओढली तर ताण पकडीवर यायला हवा, जोडावर नाही. बहुतेक घरी बनवलेल्या केबली इथेच मरतात. काम खिडकीपाशी कर, धूर नाकात नको, नंतर साबणाने हात धू, कथिलात शिसं असतं.

सूरपारंबी, नाशिक

काकू साष्टांग नमस्कार, वाचनखूण साठवली. तारतम्यदादा चांदी रद्द. पण ते ४.४ बॅलन्स्डचं राहिलंच. चार कोअरची वायर घेणारच आहे तर डावा अधिक-उणे, उजवा अधिक-उणे असं नाही का जोडता येणार?

तारतम्य

वायर चार कोअरची असून उपयोग नाही, तुझ्या हेडफोनलाच तीन पिना आहेत. दोन्ही कानांचं उणे आतच एकत्र येऊन १ नंबरच्या पिनेवर निघतं. तू जर ४.४ च्या जॅकमधली डावी उणे आणि उजवी उणे दोन्ही त्या एका पिनेला जोडलीस तर डोंगलमधल्या दोन वेगवेगळ्या ॲम्प्लिफायरचे आउटपुट एकमेकांवर शॉर्ट झाले. बॅलन्स्डमध्ये उणे म्हणजे ग्राउंड नाही, तिथूनही उलटा सिग्नल येत असतो. नशीब चांगलं असेल तर प्रोटेक्शन बंद पाडेल, नाहीतर डोंगल गेला. बाजारात असे तयार अडॅप्टरही मिळतात, दिसले तरी घेऊ नकोस.

खरंच करायचं असेल तर हेडफोन उघडून डाव्या-उजव्याचं ग्राउंड वेगळं करावं लागेल आणि ४ पिनचा सॉकेट बसवावा लागेल, डोक्यावरून पलीकडे जाणाऱ्या तारेसकट. चालत्या हेडफोनला कशाला हे, मी तर करणार नाही. बॅलन्स्डमधून जास्त ताकद मिळते हे खरं, पण आवाजाची कळ अर्ध्यावर असताना तुला पुरतंय ना? मग झालं.

बुधवारपेठी

सामान कुठे मिळेल ते कोणी सांगितलंच नाही. मुंबईला येणं होत असेल तर ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड, पुण्यात आमची तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आजूबाजूची दुकानं. साडेतीनच्या जॅकला तिथे 'स्टिरिओ ईपी' म्हणायचं आणि मोठ्या ६.३५ मिमीच्या जॅकला 'पी-३८', मग दुकानदार वर न बघता खोका काढतो. प्लास्टिक टोपणाचा ईपी घेऊ नकोस, धातूचा घे, आत तार दाबायची पट्टी आहे का बघ. मिनी एक्सएलआर मात्र प्रत्येकाकडे नसतो, रीनचा मिळाला तर उत्तम, ती न्यूट्रिक या कनेक्टरवाल्यांचीच कंपनी आहे. नाहीतर तेवढं एक ऑनलाईन मागव. वायर मीटरवर कापून देतात, हातात घेऊन बोटाभोवती गुंडाळून बघ, परत सरळ उसळी मारत असेल तर ती टेबलावर पण तशीच वागणार.

वायरीवर रंगीत जाळी चढवायचा मोह होईल. छान दिसते पण शर्टला घासली की खर्र खर्र थेट कानात येतं. लॅपटॉपवर बसून ऐकणार असशील तर नुसती रबरी वायरच बरी.

झिंगाट_नाही

मध्येच घुसतोय, माफी. माझ्या मोबाईलच्या इअरफोनची वायर जॅकपाशी तुटली होती, नवा चार भागांचा जॅक आणून जोडला. दोन्ही कानांत आवाज येतो पण गाण्यात गायकच गायब! मागची वाद्यं लांबून, विहिरीतून आल्यासारखी येतात. इअरफोन गेला का?

कथिलकाकू

इअरफोन ठणठणीत आहे, तुझं ग्राउंड लागलेलं नाही. ग्राउंड सुटलं की दोन्ही कान एकामागोमाग जोडल्यासारखे होतात आणि डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो. गायक दोन्हीकडे सारखा असतो म्हणून तो वजा होऊन जातो. रेकॉर्डिंगवाल्यांना हे ऐकूनच कळतं.

कारण दोनातलं एक. वायरीवर माईकचं बटण आहे ना, ते दाबून धर आणि ऐक. गायक परत आला तर ग्राउंड आणि माईक उलटे जोडलेत, कारण बटण त्या दोघांना शॉर्ट करतं. हल्लीच्या फोनना टोकाकडून तिसरा भाग ग्राउंड आणि शेवटचा माईक लागतो, जुन्या काही फोनना उलटं होतं.

बटणाने फरक पडला नाही तर जोडच कच्चा आहे. इअरफोनच्या तारा लाल, हिरव्या, निळ्या दिसतात तो रंग म्हणजे वार्निश असतं, ते सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे ते जाळतात. पण ती जी नुसती तांब्याच्या रंगाची दिसते तिच्यावरही पारदर्शक वार्निश असतं बरेचदा, आणि तीच नेमकी ग्राउंडची. गनच्या टोकावर कथिलाचा मोठा थेंब घे, तार त्यात बुडवून धर, धूर निघून तार चकचकीत रुपेरी झाली की वार्निश गेलं. काडेपेटीने जाळू नकोस, आत नायलॉनचे धागे असतात ते वितळून तारांना चिकटतात आणि तांबं काळं पडतं, मग त्याला कथिल धरतच नाही.

झिंगाट_नाही

बटण दाबलं की गायक येतो!!

कथिलकाकू

मग तिसऱ्या आणि चौथ्या तारेची अदलाबदल कर, बाकीला हात लावू नकोस. आणि टोपण आधी ओव.