फ्लोटेशन: खाणीतलं पण घ्या

फ्लोटेशन (म्हणजे तरंगणं, तरंगवणं) या शब्दाच्या चर्चेत जहाजांच्या आणि शेअर बाजारातल्या (कंपनीचे शेअर पहिल्यांदा विक्रीला काढणं) फ्लोटेशनवर मस्त लिहिलंय सगळ्यांनी, त्यात खाणीतलं (दळलेल्या दगडातून खनिज वेगळं काढायचं) पण घ्या ना, तिथे चक्क जड ते तरंगतं! मलांजखंडच्या तांब्याच्या खाणीत (मध्य प्रदेशात, आपल्या गोंदियापासून फार लांब नाही) तांब्याचा दगड पिठासारखा दळून पाण्यात कालवतात, झँथेट नावाचं रसायन आणि फेस धरायला पाइन ऑइल टाकतात नि हवा सोडतात, झँथेटमुळे खनिजाचे कण अळूच्या पानासारखे पाणी धरत नाहीत आणि बुडबुड्यांना चिकटून वर येतात. त्या खनिजाची घनता पाण्याच्या ४.२ पट असेल, दगडातल्या बिनकामाच्या वाळूची २.६५ पट, तरी वाळूच खाली राहते! असा सेल (हे सगळं जिथे होतं ती टाकी) मी जवळून बघितलाय, करडा चकचकीत फेस काठावरून पन्हळीत सांडत असतो, बोट लावलं की बारीक चमकी चिकटते, बघतच राहावंसं वाटतं.