सगळाच दोष एचपीव्हीचा नव्हे

तंबाखू न खाणाऱ्या तरुणांनाही जिभेचा कर्करोग का होतो, या प्रश्नावरील प्रतिसादांत त्याचे खापर सरसकट एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, मुख्यतः लैंगिक संबंधांतून पसरणारा) विषाणूवर फोडले आहे. ते अर्धेच बरोबर आहे. हा विषाणू प्रामुख्याने जिभेचे मूळ आणि टॉन्सिल येथील कर्करोगाशी निगडित आहे. अमेरिकेत तरुण गोऱ्या स्त्रियांमध्ये वाढलेला कर्करोग मात्र जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागातला असून तेथे हा विषाणू क्वचितच सापडतो आणि ठोस कारण अद्याप हाती लागलेले नाही. जिभेला सतत घासणाऱ्या टोकदार दातावर संशय घेतला जातो, पण पुरावा तोकडा आहे.

आपल्याकडे आणखी एक गोंधळ आहे: नुसती सुपारी खाणारा स्वतःला निर्व्यसनी म्हणवतो, आणि डॉक्टरांनी विचारले तरी तिचा उल्लेख करत नाही. वस्तुतः जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या मूल्यमापनात, तंबाखू नसतानाही, सुपारीलाच कर्करोगकारक ठरवले आहे.